कोकणातून पदवीला जाताना: लहान खासगी विद्यापीठ की मोठे सार्वजनिक विद्यापीठ, हे कसे ठरवावे

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या जिल्ह्यांत बारावीनंतरचा प्रश्न वर्षानुवर्षे एकाच स्वरूपाचा होता. तालुक्याच्या गावी राहून शिकायचे की मुंबईला काकांच्या नाहीतर मावशीच्या खोलीवर राहून शिकायचे, एवढेच ठरवायचे असे. पदवी दोन्हीकडे मुंबई विद्यापीठाचीच मिळत असल्यामुळे विद्यापीठ निवडण्याची वेळ सहसा येत नसे. आता बारावीची परीक्षा संपते न संपते तोच खासगी विद्यापीठांच्या प्रवेश विभागातून घरी फोन येऊ लागतात, वातानुकूलित वर्गांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर येतात आणि ‘जागा राखून ठेवण्यासाठी’ ठरावीक रक्कम अमुक तारखेच्या आत भरावी, असे सांगितले जाते. त्या तारखेपर्यंत बहुधा सीईटीचा निकालही लागलेला नसतो.

बीए, बीकॉम, बीएस्सी, बीबीए, बीसीए किंवा अभियांत्रिकी यांपैकी एखाद्या पदवीचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हा लेख आहे. वैद्यकीय शाखा यात घेतलेली नाही, कारण तिथले प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतात आणि त्या निवडीचे गणित निराळे आहे. पुढच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्याव्यात, कारण सुरुवातीच्या दोन पायऱ्यांवर जे पर्याय बाद होतात त्यांच्यासाठी पुढे प्रवासखर्च आणि वेळ घालवावा लागत नाही.

पहिली पायरी: तुलना नेमकी कोणाची, हे निश्चित करा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत त्याचे कार्यक्षेत्र पसरलेले आहे आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांची संख्या कित्येक शेकड्यांत जाते. त्यामुळे ‘मुलगी मुंबई विद्यापीठात शिकते’ या वाक्यातून तिच्या शिक्षणाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. ती कलिना येथील विद्यानगरीतल्या एखाद्या विभागात शिकत असेल, दक्षिण मुंबईतल्या नामांकित स्वायत्त महाविद्यालयात असेल किंवा आपल्याच तालुक्यातल्या, तीन अध्यापकांवर चालणाऱ्या विनाअनुदानित महाविद्यालयात असेल. पदवीच्या टप्प्यावर बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात शिकतच नाहीत, संलग्न महाविद्यालयात शिकतात. विद्यापीठाशी त्यांचा संबंध परीक्षा, निकाल आणि प्रमाणपत्र यांपुरता येतो.

खासगी विद्यापीठाचे तसे नसते. ते राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन होते, पण त्याला महाविद्यालये संलग्न करून घेता येत नाहीत. शिकवणे, परीक्षा घेणे आणि पदवी देणे ही तिन्ही कामे एकाच आवारातून चालतात. पनवेलजवळ भाताण येथील अ‍ॅमिटी विद्यापीठ हे कोकण विभागातले या प्रकारचे उदाहरण आहे. अभिमत विद्यापीठ हा आणखी निराळा प्रकार असून त्याला तो दर्जा विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ च्या कलम ३ खाली केंद्र सरकार देते.

सार्वजनिक म्हणजे अवाढव्य, हे समीकरणही कोकणात सरसकट लागू पडत नाही. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) सार्वजनिक असले तरी त्याचे क्षेत्र शेती आणि संबंधित विद्याशाखांपुरते आहे. रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय त्याचाच भाग. माणगाव तालुक्यातल्या लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ हेही सार्वजनिक आहे. तिथे स्वतःच्या आवारात अभियांत्रिकी शिकवली जाते आणि राज्यातली अनेक महाविद्यालये त्याला संलग्नही आहेत. लहान आवार आणि माफक शुल्क या दोन्ही गोष्टी हव्या असणाऱ्यांनी खासगी विद्यापीठाकडे वळण्यापूर्वी अशा संस्था नीट पाहाव्यात, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. कित्येक घरांत त्यांचा विचारही होत नाही.

या पायरीवर करायचे काम साधे आहे. कागदावर विद्यापीठांची नावे लिहू नका. संस्था, विभाग, अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव आणि शिकवण्याचे ठिकाण असे चार रकाने करून प्रत्येक पर्याय त्यांत भरा. अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव लिहिण्याचा आग्रह एका कारणासाठी आहे. २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस यांसारखे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, त्यांच्यासाठी राज्याची स्वतंत्र सीईटी सुरू झाली आणि काही महाविद्यालयांनी त्यानंतर आपल्या अभ्यासक्रमांची नावे बदलली. एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर सीईटी लागते की नाही आणि शिष्यवृत्ती मिळते की नाही, हे दोन्ही बदलू शकते.

दुसरी पायरी: मान्यता तपासा

ही तपासणी संस्थेच्या माहितीपुस्तकावरून करू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर राज्य विद्यापीठे, खासगी विद्यापीठे आणि अभिमत विद्यापीठे यांच्या स्वतंत्र याद्या असतात, तशीच बनावट विद्यापीठांचीही यादी असते. खासगी विद्यापीठाचे नाव यादीत सापडले म्हणजे काम संपले असे नाही; यादीतला पत्ता आणि तुम्हाला सांगितलेला पत्ता एकच आहे का, हेही पाहावे. आयोगाच्या २००३ च्या नियमांनुसार खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याच्या हद्दीतच काम करायचे असते आणि मुख्य आवाराबाहेर केंद्र काढायचे तर स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे परराज्यातल्या एखाद्या खासगी विद्यापीठाचे ‘अभ्यास केंद्र’ चिपळुणात किंवा कुडाळात दुकानवजा गाळ्यात चालू असून नियमित पदवीचे आश्वासन देत असेल, तर तिथून उठून यावे.

हे सारे कागदोपत्री सोपस्कार वाटत असतील, तर छत्तीसगडमध्ये काय झाले ते लक्षात घ्या. तिथे २००२ च्या कायद्याखाली शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे कागदावर उभी राहिली होती. त्यांपैकी कित्येकांना धड इमारतही नव्हती. प्रा. यशपाल यांनी दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये त्या कायद्यातील संबंधित तरतुदी रद्द ठरवल्या आणि ती विद्यापीठे एका निकालासरशी अस्तित्वहीन झाली. आज विधिमंडळाच्या रीतसर कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची पदवी एमपीएससी, बँका किंवा इतर सरकारी भरतीसाठी सार्वजनिक विद्यापीठाच्या पदवीइतकीच ग्राह्य असते. ‘खासगीची डिग्री सरकारी नोकरीत चालत नाही’ हा समज चुकीचा आहे. मात्र विधी, औषधनिर्माणशास्त्र, वास्तुशास्त्र, शिक्षणशास्त्र यांसारख्या शाखांना आपापल्या परिषदेची मान्यताही लागते आणि ती अभ्यासक्रमागणिक तपासावी लागते.

‘नॅक’ची, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, श्रेणी पाहावी, पण ती किती जुनी आहे हेही पाहावे. श्रेणीपेक्षा उपयोगी असतो तो संस्थेने नॅकला सादर केलेला स्वयंअध्ययन अहवाल. तो संस्थेच्या संकेतस्थळावर असतो आणि त्यात पूर्णवेळ अध्यापक किती, मंजूर पदे किती, प्रवेशक्षमता किती आणि प्रत्यक्ष प्रवेश किती, असे तपशील असतात. पानांची संख्या पाहून घाबरू नये. आपल्याला लागणारी पाने थोडीच असतात.

तिसरी पायरी: चार वर्षांचा पूर्ण हिशेब मांडा

सर्वांत जास्त वेळ याच पायरीला द्यावा. प्रवेश विभागातला माणूस पहिल्या वर्षाचे शुल्क सांगतो, आणि घरातली चर्चा त्याच आकड्याभोवती फिरत राहते. समजा, खासगी विद्यापीठाने पहिल्या वर्षासाठी २ लाख रुपये सांगितले आणि दरवर्षी १० टक्के वाढीची तरतूद आहे. तर चार वर्षांची बेरीज ८ लाख होत नाही, ९ लाख २८ हजार २०० होते. तेव्हा शुल्कवाढ किती आणि ती कोणत्या कागदावर लिहिलेली आहे, हे लेखी मागावे. परीक्षा शुल्क, अनामत, वसतिगृह, खानावळ, गणवेश, लॅपटॉप, औद्योगिक भेटी आणि ‘सक्तीची’ प्रमाणपत्रे यांसाठी स्वतंत्र रकाने करावेत. बारावीच्या गुणांवर शुल्कात सवलत देऊ केली असेल, तर ती पुढच्या वर्षी टिकण्यासाठी किती गुणांची अट आहे, हे विचारावे. पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला आणि सवलत गेली, असे झाले की घराचे अंदाजपत्रकच कोलमडते.

सार्वजनिक बाजूला शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांचे शुल्क तुलनेने फारच कमी असते. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. पण खरा फरक शिष्यवृत्तीत पडतो, आणि नेमका हाच भाग पालकांना उशिरा कळतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची शंभर टक्के माफी मिळते. ती शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालयांत तसेच सार्वजनिक विद्यापीठांत लागू आहे. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे या लेखात ज्यांना खासगी म्हटले आहे ती, विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला माफी नाही. याचा अर्थ असा की गुहागरच्या किंवा देवगडच्या एखाद्या पात्र मुलीसाठी तुलना ‘दोन लाख विरुद्ध एक लाख’ अशी राहतच नाही; एका बाजूला दोन लाख आणि दुसऱ्या बाजूला शिक्षण शुल्क शून्य, अशी ती असते. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजना आहेत आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. या योजनांसाठी राज्याच्या ‘महाडीबीटी’ पोर्टलवर अर्ज करावे लागतात आणि प्रत्येक योजनेच्या अटी त्या वर्षीच्या शासन निर्णयात वाचाव्यात.

या लाभांची किल्ली दाखल्यांत आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर हे सेतू केंद्रातून मिळतात. जात वैधता प्रमाणपत्राला मात्र कित्येक महिने लागू शकतात. बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच महाविद्यालयामार्फत प्रस्ताव दाखल केला, तर जूनमधली धावपळ टळते. दाखला हाती नाही म्हणून कॅपची जागा सुटली आणि नाइलाजाने महागडा पर्याय घ्यावा लागला, अशी वेळ दरवर्षी अनेकांवर येते.

आता कोकणातल्या घरांपुरती एक गोष्ट. इथे पैसा वर्षभर सारखा येत नाही. आंबा बागायतदाराचे पैसे एप्रिल-मेमध्ये मोकळे होतात आणि हंगाम बिघडला तर होतही नाहीत. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, त्यामुळे प्रवेशाच्या ऐन दिवसांत मच्छीमार कुटुंबाची आवक थांबलेली असते. म्हणून शुल्क हप्त्यांत भरता येते का, हप्त्यांच्या तारखा कोणत्या आणि उशीर झाल्यास दंड किती, हे आधी विचारावे. लहान खासगी विद्यापीठे या बाबतीत पुष्कळदा लवचीक असतात, पण सवलत तोंडी मिळाली तर ती पत्रावर घ्यावी.

कर्ज काढायचे ठरले, तर दोन आकडे समोर ठेवा. ८ लाखांचे कर्ज १० टक्के दराने दहा वर्षांत फेडायचे म्हटले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १० हजार ५७० रुपये येतो, आणि त्यात शिकत असतानाच्या काळातले व्याज धरलेले नाही. तारणाच्या बाबतीत आपल्याकडची अडचण सर्वांना ठाऊक आहे: सातबारा सामाईक, त्यावर नावांची रांग, अर्धे वारस मुंबईला, आणि सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत पहिले सत्र संपलेले. केंद्राच्या पतहमी (क्रेडिट गॅरंटी) निधीत बसणाऱ्या साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी विनातारण कर्ज मिळते आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. संस्थांची ती यादी ‘एनआयआरएफ’ या केंद्र सरकारच्या क्रमवारीवर आधारलेली असून तुमची संस्था तीत आहे का, हे बँकेच्या व्यवस्थापकाला विचारण्याआधी स्वतः पाहून जावे.

चौथी पायरी: परीक्षा, निकाल आणि विषय यांचा विचार करा

मोठ्या विद्यापीठाची सर्वांत मोठी दुखरी बाजू परीक्षा विभाग ही असते. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांची संगणकीय तपासणी घाईने सुरू केली, निकाल महिनोन्महिने रखडले, पदव्युत्तर प्रवेशांचे वेळापत्रक कोलमडले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. ही अपवादात्मक घटना होती; तरीही फेरतपासणी, नावातली दुरुस्ती किंवा गुणपत्रिकेतली चूक यांसाठी सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला एरवीही बराच पाठपुरावा करावा लागतो. रत्नागिरीतल्या आणि सावंतवाडीतल्या उपकेंद्रांमुळे काही कामे जवळ आली आहेत, सगळी आलेली नाहीत. लहान खासगी विद्यापीठात निकाल बहुधा वेळेवर लागतो आणि चूक त्याच आवारात दुरुस्त होते. ही सोय खरी आहे, ती कमी लेखू नये.

तिची दुसरी बाजूही पाहावी. शिकवणारा, प्रश्नपत्रिका काढणारा आणि तपासणारा एकच असला म्हणजे गुण सढळ हाताने दिले जाण्याची शक्यता असते, आणि नोकरी देणारे हे ओळखून असतात. शिवाय संख्या कमी असली की निवडीला वाव राहत नाही. माहितीपुस्तकात बारा ऐच्छिक विषय छापलेले असतात, पण वर्गात चौदाच विद्यार्थी असतील तर प्रत्यक्षात दोनच विषय चालवले जातात. ‘गेल्या वर्षी पाचव्या सत्रात कोणते विषय प्रत्यक्ष शिकवले गेले?’ असा नेमका प्रश्न विचारावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषयही घ्यावा लागतो, म्हणून हा प्रश्न पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे.

पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी विद्यापीठ बदलायचे असेल, तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्र लागते. अडचण फार मोठी नाही, वेळ मात्र जातो.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष जाऊन पाहा

संस्था ज्या दिवशी पालकांना बोलावते त्या दिवशी जाऊ नये. जानेवारी-फेब्रुवारीतला एखादा साधा बुधवार निवडावा, वर्ग भरलेले असताना जावे आणि दिवसभर थांबावे. रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पनवेलला उतरता येते; एवढ्या खर्चाने चार वर्षांचा निर्णय पारखून घेता येत असेल, तर तो खर्च भारी नाही.

प्रयोगशाळेत गेल्यावर यंत्रांची संख्या मोजण्यापेक्षा विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या मागाव्यात. शेवटची सही कोणत्या तारखेची आहे आणि सत्र किती पुढे गेले आहे, एवढे जुळवून पाहिले तरी शिकवण्याचा वेग कळतो. यंत्रावर प्लास्टिकचे आवरण तसेच असेल आणि खालच्या टेबलावर धूळ असेल, तर ते यंत्र पाहुण्यांसाठी आहे असे समजावे. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, हे फलकावरून न ठरवता संध्याकाळी सहा वाजता दारातून आत डोकावून ठरवावे.

त्यानंतर मुख्य प्रवेशद्वाराबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानाशी अर्धा तास थांबावे. तिथे तिसऱ्या वर्षाची मुले येतात, जर्नल्सच्या प्रती काढतात आणि अधिकृत माहितीपुस्तकात नसलेले सगळे तिथे मोकळेपणाने बोलतात. आपल्याकडचा एखादा विद्यार्थी भेटला, तर फारच उत्तम. ‘बाळा, गेल्या सत्रात तुमचे किती सर सोडून गेले?’ असे पालकांनी सहज विचारले, की उत्तर मिळतेच. खासगी विद्यापीठात अध्यापक वारंवार बदलणे हा दोष नेहमी आढळतो. अनुदानित महाविद्यालयांचा दोष निराळा: तिथे पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि शिकवण्याचा भार तासिका तत्त्वावरील, म्हणजे सीएचबी, अध्यापकांवर पडतो, ज्यांची नेमणूक सत्र सुरू झाल्यावर केव्हातरी होते. म्हणून दोन्हीकडे एकच प्रश्न विचारावा: पहिल्या वर्षाला मुख्य विषय कोण शिकवते, ते किती वर्षे इथे आहेत आणि त्यांची नेमणूक कोणत्या स्वरूपाची आहे. नाव सांगता न येणे हेही एक उत्तरच असते.

तालुक्याच्या महाविद्यालयालाही हीच भेट द्यावी. ते ओळखीचे आहे म्हणून चांगले, किंवा ओळखीचे आहे म्हणून टाकाऊ, असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले जाते आणि दोन्ही वेळा कोणी आत जाऊन पाहिलेले नसते.

सहावी पायरी: नोकरीचे आकडे वाचायला शिका

‘सर्वाधिक पॅकेज’ हा आकडा सोडून द्यावा; तो एका विद्यार्थ्याचा असतो. सरासरीही फसवी असते, कारण दोन मोठे आकडे ती वर ओढतात. मागायचा तो मध्यक पगार, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, आणि त्याबरोबर एकूण उत्तीर्ण किती, त्यांपैकी नोकरी किती जणांना लागली आणि पुढील शिक्षणाला किती गेले, ही संख्या. ‘एनआयआरएफ’मध्ये भाग घेणाऱ्या संस्था ही आकडेवारी सादर करतात आणि ती संस्थेच्या संकेतस्थळावर सार्वजनिक असते. संस्था त्यात भाग घेत नसेल, तर गेल्या वर्षीच्या आपल्या शाखेतल्या विद्यार्थ्यांची कंपनीनिहाय यादी मागावी.

मोठ्या विद्यापीठाचा एक फायदा कोणत्याही तक्त्यात येत नाही. मुंबई-ठाण्यात कोणत्याही कार्यालयात गेले तरी मुंबई विद्यापीठाचे माजी विद्यार्थी भेटतात, आणि कोकणातला चाकरमानी आपल्या गावच्या मुलाला पहिली नोकरी मिळवून देताना आजही हीच ओळख वापरतो. नव्या खासगी विद्यापीठाच्या पहिल्या काही तुकड्यांना असा आधार नसतो.

सातवी पायरी: राहणे आणि प्रवास

अंतर नकाशावर मोजू नये. कणकवली-कुडाळच्या विद्यार्थ्याला कोल्हापूर किलोमीटरने मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे, पण पावसाळ्यात करूळ, भुईबावडा किंवा आंबोली घाटात दरड कोसळली की वाट बंद होते. दक्षिण सिंधुदुर्गातल्या विद्यार्थ्यांनी गोवा विद्यापीठाचाही विचार करावा, मात्र महाराष्ट्राच्या शिष्यवृत्त्या तिथे लागू होतात का, हे आधी पाहावे. गणपतीत रेल्वेचे आरक्षण मिळत नाही, हे वेगळे सांगायला नको. पण त्या दिवसांत संस्थेला सुट्टी असते का आणि अंतर्गत परीक्षा केव्हा असते, हे विचारायला हरकत नाही. खासगी विद्यापीठांची वेळापत्रके पुष्कळदा देशभरातले विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून आखलेली असतात. वसतिगृहाचा करार वर्षाचा की सत्राचा, आणि मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था आवारातच आहे की बाहेर भाड्याच्या इमारतीत, हे दोन मुद्देही प्रत्यक्ष पाहून ठरवावेत.

आठवी पायरी: निर्णय आणि तारखा

माझे मत स्पष्ट सांगतो. बीए, बीकॉम आणि मूलभूत विज्ञानाच्या बीएस्सीसाठी, जवळ नियमित अध्यापक असलेले अनुदानित किंवा स्वायत्त महाविद्यालय उपलब्ध असेल, तर खासगी विद्यापीठासाठी कर्ज काढू नये. वाचलेला पैसा पदव्युत्तर शिक्षणासाठी ठेवावा. अभियांत्रिकीत कॅपच्या सर्व फेऱ्या होईपर्यंत थांबावे. खासगी विद्यापीठ मला योग्य वाटते ते पुढील परिस्थितीत: हवा तो अभ्यासक्रम आवाक्यातल्या कोणत्याही सार्वजनिक संस्थेत नाही, भेटीत अध्यापक खरोखर टिकून असल्याचे दिसले आहे, आणि कर्ज घेतल्यास त्याचा हप्ता त्या शाखेच्या मध्यक पगाराच्या एकतृतीयांशाहून कमी आहे. याशिवाय गर्दीत मागे पडणारी, प्रश्न विचारायला कचरणारी, पण चाळीसच्या वर्गात खुलणारी मुले असतात. अशा मुलासाठी घरची ऐपत असेल, तर जास्त शुल्क भरणे हा वायफळ खर्च नाही.

एप्रिल-मेमध्ये ‘जागा जाईल’ असे सांगून पैसे मागितले जातात, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाची शुल्कपरताव्याची २०१८ ची अधिसूचना लक्षात ठेवावी. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला, तर पूर्ण शुल्क परत मिळते आणि त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून ५ टक्के, पण जास्तीत जास्त ५ हजार रुपयेच, कापता येतात. त्या १५ दिवसांच्या आत रद्द केल्यास ९० टक्के, अंतिम तारखेनंतरच्या १५ दिवसांत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के आणि त्यापुढे काही नाही. काही वर्षी आयोग याहून सवलतीच्या तारखा जाहीर करतो, म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक पाहावे. भरलेल्या रकमेची पावती ‘शुल्क’ या नावाने घ्यावी. ‘देणगी’ किंवा ‘नोंदणी’ असे लिहिलेली पावती परताव्याच्या वेळी अडचणीची ठरते. त्याच पावतीवर किंवा पत्रावर प्रवेशाची अंतिम तारीख लिहून मागावी, कारण परताव्याचे सगळे गणित तिच्यावर चालते.

मूळ कागदपत्रे संस्थेला ठेवून घेता येत नाहीत. पडताळणी करून ती लगेच परत देणे बंधनकारक आहे. कॅपमध्ये चांगली जागा लागली आणि आधीच्या संस्थेत दाखले अडकले, अशी वेळ येऊ नये म्हणून प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक कागदाच्या साक्षांकित प्रती सोबत न्याव्यात आणि मूळ प्रती पाहून झाल्यावर तिथेच मागून घ्याव्यात. संस्थेने शुल्क किंवा दाखले अडवून धरले, तर आधी तिच्या तक्रार निवारण समितीकडे ईमेलने लेखी तक्रार करावी, आणि तिथे दाद लागली नाही तर आयोगाच्या ‘ई-समाधान’ पोर्टलवर पावती आणि त्या ईमेलची प्रत जोडून तक्रार नोंदवावी.